गॅस बंद आहे, तरी करपतंय

माझी एक मावशी वर्षानुवर्षं भर गप्पांतून उठून स्वयंपाकघरात जायची. “काहीतरी करपतंय गं,” एवढंच म्हणायची. गॅस बंद, ओटा पुसलेला, कढई पालथी. ओट्याला हात टेकून ती क्षणभर उभी राहायची आणि परत येऊन बसायची, जरा हरवल्यासारखी. आम्ही भाचरं तिची नक्कल करायचो. मोठ्यांनी निदान केव्हाच उरकलं होतं: “तिला भासच होतात.”

मग एका मुंजीत, पंगतीत वाढताना, ती वरणाचं भांडं हातात धरून जागच्या जागी थांबली. डोळे उघडे, पण नजर कशावरच नाही, आणि ओठ मात्र काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. मिनिटभरात सगळं ओसरलं. विचारलं तर म्हणे, “काय झालं? मी वाढत होते की.” दोनेक महिन्यांनी घरी पुन्हा तसंच झालं, तेव्हा तिच्या सुनेने ते मोबाइलवर टिपलं आणि सासूला घेऊन सरळ मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेली. डॉक्टरांनी वास कशाचा येतो याची फारशी चौकशी केली नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. किती वेळ येतो? दर वेळी तोच येतो का? आणि त्यानंतर काय होतं?

घरात आमचा वाद आयुष्यभर ‘वास आहे की नाही’ यावर चालला होता. तो वाद फुकटचा होता. ज्याला येतो त्याला वास येतोच, खोटं सांगायचं काही कारण नसतं. खरी माहिती त्या तीन प्रश्नांत दडलेली असते, आणि ती डॉक्टरांपेक्षा घरच्यांच्याच हाती जास्त लागते.

नाकापासून मेंदूपर्यंतचा जवळचा रस्ता

वास नाकाला येतो असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. नाकाच्या पोकळीत अगदी वर, साधारण दोन डोळ्यांच्या मधे, एक लहानसा ओलसर पडदा असतो आणि त्यात गंध टिपणाऱ्या चेतापेशी असतात. माणसाकडे गंधाच्या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. या ग्राहकांमागची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली जगासमोर मांडली आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. पण एका वासाला एक ग्राहक असा हिशेब नसतो. पेटीवर जशा चार-पाच पट्ट्या एकदम दाबल्या की एक सूरसंगती उमटते, तसा प्रत्येक वास म्हणजे काही ग्राहकांचा मिळून वाजलेला सूर. फोडणीतल्या हिंगाचा सूर वेगळा, ओल्या गोणपाटाचा वेगळा. थोडक्या ग्राहकांवर आपण इतके असंख्य वास ओळखतो ते यामुळेच.

या पेशींचे तंतू कवटीच्या तळाशी असलेल्या, चाळणीसारखी भोकं असलेल्या एका हाडातून वर जातात आणि घ्राणकंद नावाच्या गाठीत पोचतात. (डोक्याला जोराचा मार बसला की हे नाजूक तंतू त्या चाळणीतच तुटू शकतात. अपघातातून बरे झालेले काहीजण ‘तेव्हापासून वासच येत नाही’ म्हणतात, ते त्यामुळे.) घ्राणकंदाकडून निरोप जातो टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागात.

इथे एक गंमत आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, त्वचेला जाणवलेलं सगळं आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रात जातं आणि तिथून पुढे मेंदूच्या वरच्या थरांकडे वाटलं जातं, पोस्टातून टपाल जावं तसं. वासाला मात्र या पोस्टात रांग लावावी लागत नाही. तो थेट आत शिरतो. आणि आत त्याचे शेजारी कोण? एका बाजूला अमिग्डला, जिथे भीती आणि राग यांची उठाठेव चालते, आणि दुसऱ्या बाजूला हिप्पोकॅम्पस, जिथे आठवणी घडतात. डांबरगोळ्यांचा वास आला की आजीची ट्रंक, तिची नऊवारी आणि तिचा हात एका झटक्यात समोर येतो, तो या शेजारामुळे.

हे शेजारपण लक्षात ठेवा, कारण मेंदूत बिघाड झाला की वास एकटा येत नाही. तो शेजाऱ्यांना बरोबर घेऊन येतो.

आकडा आणि आकडी

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचे एक डॉक्टर होते. अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या, रुग्णांचं बोलणं ते इतक्या बारकाईने ऐकत आणि लिहून ठेवत की आजही त्यांची टिपणं वाचली जातात. त्यांच्याकडे एक स्वयंपाकीणबाई आल्या होत्या. झटका आला की त्यांना अतिशय घाण वास यायचा, आणि डोळ्यांसमोर एक छोटीशी बाई स्वयंपाकात गढलेली दिसायची. बाई उभ्याच असायच्या, डोळे उघडे असायचे, पण त्या तिथे नसायच्या. त्या वारल्यावर तपासणीत टेम्पोरल लोबच्या पुढच्या भागात गाठ सापडली. जॅक्सन यांनी चार्ल्स बीव्हर या सहकाऱ्यासोबत ही हकिकत १८८९च्या सुमारास लिहिली, आणि वासाची जागा मेंदूत कुठे असावी याचा तो एक पक्का पुरावा ठरला.

टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेला एक वळलेला उंचवटा असतो, त्याला अनकस म्हणतात. लॅटिनमध्ये अनकस म्हणजे आकडा. तिथून उठणाऱ्या, वासाने सुरू होणाऱ्या झटक्यांना जॅक्सन यांनी या आकड्याचंच नाव दिलं. आपल्या भाषेत फिटला ‘आकडी’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण हा योगायोग मला फार आवडतो: आकड्यात उठलेली आकडी.

नेमकं होतं काय? मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक लहरींनी बोलतात, आपापल्या वेळी, आपापल्या पाळीने. अपस्मारात एखाद्या भागातल्या पुष्कळ पेशी एकाच वेळी ओरडू लागतात. हा गोंगाट हात हलवणाऱ्या भागात झाला तर हात झटके देतो. वासाच्या भागात झाला तर वास येतो. नाकाचा त्यात काहीही सहभाग नसतो, रुग्णाने नाक दाबलं तरी वास येतच राहतो. आणि तो वास बहुतेक वेळा घाणच असतो: करपल्याचा, जळक्या रबराचा, कुजल्याचा, किंवा ‘कसा ते सांगता येत नाही पण नकोसा’. पेटीच्या सगळ्या पट्ट्या कोपराने एकदम दाबल्या तर भूप ऐकू येणार नाही, कर्कश कल्लोळच येणार. इथेही तसंच काहीसं होत असावं अशी माझी समजूत आहे. काहींना फुलांचा किंवा अत्तराचा वास आल्याच्याही नोंदी आहेत, पण त्या थोड्या.

हे सगळं साधारण काही सेकंद ते एक-दोन मिनिटांत आटोपतं. वासासोबत पोटातून काहीतरी वर चढत गळ्याशी आल्यासारखं वाटतं, विनाकारण भीती दाटते, किंवा ‘हे सगळं आधी घडून गेलंय’ असं तीव्रतेने वाटतं. आठवा, शेजारी कोण होते. गोंगाट तिथेच थांबला तर माणूस पूर्ण शुद्धीत असतो आणि बाहेरच्याला काही कळतही नाही. तो आणखी पसरला की नजर स्थिर होते, ओठ चघळल्यासारखे हलतात, हात पदराशी किंवा शर्टाच्या बटणाशी चाळा करतात. आणखी पसरला तर ज्याला आपण सगळे फिट म्हणून ओळखतो ते होतं.

म्हणजे वास ही फिट येण्याची ‘पूर्वसूचना’ नसते, जरी पूर्वी तसंच म्हणत. तो वास म्हणजेच फिट, फक्त छोटी. माझ्या मावशीला मुंजीच्या आधीची वीस-बावीस वर्षं फिट्स येतच होत्या. त्यांना आम्ही करपल्याचा भास म्हणत होतो.

अशा फिट दुर्मीळ आहेत. टेम्पोरल लोबच्या अपस्मारातही वासाने सुरुवात होणारे रुग्ण शेकड्यात थोडेच. पण जेव्हा असतात तेव्हा हमखास हुलकावणी देतात. अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९३७च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये भर कार्यक्रमात स्वतःचीच रचना पियानोवर वाजवताना ते क्षणभर हरवले, काही सूर सुटले. त्यांना जळक्या रबराचा वास यायचा. पुढे डोकेदुखी, चक्कर वाढत गेली, आणि बराच काळ ते मानसिक ताणाचं, नाटकीपणाचं लक्षण मानलं गेलं. जुलैत ते बेशुद्ध झाले. मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि ११ जुलैला, वयाच्या ३८व्या वर्षी, ते गेले. तेव्हा एमआरआय नव्हता, हे डॉक्टरांच्या बाजूनेही म्हणायला हवं.

लगेच घाबरू नका. नसलेल्या गोष्टीचा वास येणाऱ्यांत गाठ असलेले फारच थोडे. अमेरिकेत चाळिशीपुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८मध्ये आले. त्यात साधारण १५ जणांत एकाने असा वास येत असल्याचं सांगितलं. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी नाक, सायनस, दात-हिरड्या, जुनी सर्दी अशी साधी कारणं असण्याचीच शक्यता जास्त.

आता ‘जळक्या टोस्टचा वास आला की स्ट्रोक’ या प्रसिद्ध समजाबद्दल. कॅनडातले मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड रुग्णाला जागं ठेवून शस्त्रक्रिया करायचे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे हे शक्य असतं. मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा अगदी सौम्य स्पर्श करून ते विचारायचे, ‘काय जाणवतंय?’ आणि कोणता भाग काय करतो याचा नकाशा काढत जायचे. कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर १९९१मध्ये त्यांच्यावर एक मिनिटभराचं दृश्य दाखवलं गेलं, त्यात अपस्माराची रुग्ण बाई म्हणते, मला जळक्या टोस्टचा वास येतोय. ते इतकं गाजलं की त्याची लोककथा झाली, आणि लोककथेत अपस्माराचा झाला पक्षाघात. ‘जळका वास आला की स्ट्रोक समजा’ हा संदेश आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतही फिरतो. स्ट्रोकच्या ओळखीच्या लक्षणांत जळका वास नाही. चेहरा एका बाजूला ओघळणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल किंवा दृष्टी जाणं, ही ती लक्षणं, आणि ती दिसली की वास-बीस हुंगत न बसता रुग्णालय गाठायचं.

कांदा, चप्पल आणि चमेली

फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा फोडून धरतात, चप्पल धरतात. एसटी स्टँडवर, लग्नात, शाळेच्या मैदानावर हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. वासाने सुरू होणाऱ्या झटक्यांची गोष्ट सांगताना हा विषय टाळता येणार नाही, आणि तो वाटतो तितका सरळही नाही.

रॉबर्ट एफ्रन नावाच्या डॉक्टरांनी १९५६ साली एका गायिकेची हकिकत प्रसिद्ध केली. तिला अनकसमधून उठणारे झटके यायचे, पायरी-पायरीने वाढत जाणारे. झटका सुरुवातीच्या पायरीवर असतानाच तिला उग्र वास हुंगायला दिला तर तो तिथल्या तिथे थांबायचा. चमेलीचा अर्क त्यासाठी वापरला गेला. मग एफ्रन यांनी तो वास आणि हातातलं एक कडं यांची सांगड घातली, वास घेताना कडं बघायचं, पुन्हा पुन्हा. काही दिवसांनी नुसतं कड्याकडे बघूनही तिचा झटका थांबू लागला. याचा अर्थ असा लावतात की शेजारच्या पेशींना आधीच दुसऱ्या कामाला जुंपलं तर गोंगाटाला पसरायला जागा उरत नाही.

मग कांदा बरोबरच झाला की! नाही. त्या गायिकेचा झटका अगदी सुरुवातीला होता, ती शुद्धीवर होती, वास स्वतः ओढून घेत होती. आपण चप्पल आणतो ती माणूस आडवा होऊन हातपाय झाडत असताना. तोवर गोंगाट सगळ्या मेंदूभर पसरलेला असतो. अशी फिट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. कुणी धावत जाऊन कांदा आणतो, फोडतो, नाकाशी धरतो, यात तेवढा वेळ जातोच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला मिळतं. त्यात नाकातोंडाशी काही दाबून धरल्याने श्वासाला अडथळा होतो तो वेगळाच. त्या वेळी करायचं ते इतकंच: आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, झटके ओसरले की कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा एकामागून एक येऊ लागली, तर रुग्णालय.

उलटी गोष्ट: वास जातो, मग भलताच येतो

अपस्मारात वासाचं केंद्र अति बोलतं. पार्किन्सनमध्ये ते आधी गप्प होतं.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या कंपवाताचं वर्णन लिहिलं ते हात थरथरणं, वाकून चालणं, हालचाल मंदावणं याबद्दल. वासाचा त्यात उल्लेख नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही, कारण रुग्ण स्वतःच त्याची तक्रार करत नाही. दिसायचं कमी झालं की दुसऱ्या दिवशी कळतं. वास मात्र इतका हळूहळू जातो की ‘हल्ली आमटीला चव नसते’ एवढंच वाटतं आणि बोल बसतो तो स्वयंपाक करणाऱ्यावर. आता माहीत आहे की पार्किन्सनच्या बहुसंख्य रुग्णांचा गंध कमी झालेला असतो, आणि पुष्कळांचा हाताच्या थरथरीच्या कितीतरी वर्षं आधीच.

कारण असं की या आजारात अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन पेशींत चुकीच्या घडीने साचत जातं. जर्मन संशोधक हाइको ब्राक आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये मांडलं की हा साठा आधी दोन ठिकाणी दिसतो: घ्राणकंदाच्या परिसरात आणि मेंदूच्या अगदी तळाशी, जिथून पोटाकडे जाणारी व्हेगस ही चेता निघते. हालचाल सांभाळणाऱ्या भागापर्यंत तो नंतर पोचतो. प्रत्येक रुग्णात हा क्रम तंतोतंत असाच असतो असं नाही, पण वास जाणं, बद्धकोष्ठ, आणि झोपेत स्वप्नातल्यासारखे हातपाय मारणं ही तिन्ही लक्षणं थरथरीच्या आधी का येतात याचं त्यात उत्तर मिळतं. (नुसता वास कमी झाला म्हणून पार्किन्सनची भीती घेऊ नका. सर्दी, सायनस, तंबाखू, कोविड आणि वाढतं वय यांनी वास जाणारे त्याहून कितीतरी जास्त.)

वास तपासायचा कसा? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९८४मध्ये तयार झालेली ४० वासांची एक चाचणी जगभर वापरतात. कागदावरचा ठिपका पेन्सिलीने खरवडायचा, हुंगायचा आणि चार पर्यायांतून ओळखायचा. त्यात भोपळ्याचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ आहे, रूट बीअर नावाचं पेय आहे, शेपू घालून मुरवलेल्या काकडीचं लोणचं आहे. साताऱ्याच्या आजोबांनी रूट बीअर ओळखलं नाही, तर दोष नाकाचा की आजोबा अमेरिकेत जन्मले नाहीत याचा? म्हणून आपल्याकडे वेलची, लवंग, हिंग अशा ओळखीच्या वासांनी तपासणं शहाणपणाचं. घरी संशय आला तर एक साधा प्रयोग करता येतो: डोळे मिटून कॉफीपूड, हिंग, लिंबाची साल नाकाशी धरा आणि ओळखायला सांगा. निदान त्यावरून होणार नाही, पण डॉक्टरांना सांगायला काहीतरी हाती येईल.

आणि मग भलतेच वास. पार्किन्सनच्या काही रुग्णांना, आधीच गंध कमी झालेला असताना, नसलेला वास येतो: कुणाला धुराचा, कुणाला कुजका, कुणाला चक्क फुलांचा. हे अपस्मारासारखं मिनिटात संपत नाही, दर वेळी तंतोतंत तेच असतं असंही नाही. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाचा अंगठा दुखल्यासारखा वाटतो, त्याच्याशी याची तुलना करतात. बाहेरून निरोप येणं कमी झालं की मेंदू रिकाम्या चौकटीत स्वतःच काहीतरी भरतो. पार्किन्सनच्या काही औषधांनीही भास वाढू शकतात. म्हणून असे वास नव्याने सुरू झाले तर डॉक्टरांना सांगायचं, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ती अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

पार्किन्सन आणि वास म्हटलं की स्कॉटलंडमधल्या पर्थच्या जॉय मिल्न आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्या नर्स होत्या. नवऱ्याच्या अंगाचा वास बदललाय, काहीसा कस्तुरीसारखा उग्र झालाय, हे त्यांना त्याच्या निदानाच्या दहा-बारा वर्षं आधी जाणवलं होतं. ‘नीट अंघोळ करत जा’ म्हणून त्या त्याच्या मागे लागायच्या. निदान झालं त्याच्या पंचेचाळिशीच्या सुमारास. पुढे रुग्णांच्या एका बैठकीत तोच वास साऱ्या खोलीभर आला आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. एडिंबरा विद्यापीठात त्यांची परीक्षा घेतली गेली. १२ जणांनी वापरलेले टीशर्ट, सहा रुग्णांचे, सहा निरोगी माणसांचे. रुग्णांचे सहाही त्यांनी अचूक ओळखले, पण निरोगी गटातला एक टीशर्टही ‘पार्किन्सन’ म्हणून बाजूला काढला. आठ महिन्यांनी त्याच माणसाला पार्किन्सनचं निदान झालं. मॅंचेस्टर विद्यापीठाच्या पर्डिटा बॅरन आणि त्यांच्या चमूने पुढे त्वचेवरच्या तेलकट स्रावातले या वासामागचे रेणू शोधले आणि २०१९मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. ज्या आजारात रुग्णाला स्वतःला वास येईनासा होतो, त्याचाच वास बायकोला आला.

बाकीचे थोडक्यात

मायग्रेनमध्येही काहींना डोकं दुखायच्या आधी जळकट किंवा कुजका वास येतो. तो अपस्मारापेक्षा लांबतो, साधारण पाच मिनिटं ते तासभर, आणि मग डोकं धरतं. त्याहून कितीतरी जास्त रुग्णांची तक्रार वेगळीच असते: असलेला वास सहन होत नाही. उदबत्ती, सेंट, शेजारच्या घरातली मिरचीची फोडणी. अल्झायमरमध्ये वास येतो पण तो कशाचा ते ओळखू येत नाही.

कोविडने तर हा विषय घराघरांत नेला. वास परत आला, पण बिघडून आला. कॉफी, कांदा, लसूण, भाजलेलं मांस कुजल्यासारखं लागू लागलं. याला पॅरोस्मिया म्हणतात. यात वस्तू समोर खरंच असते, तिचा वास मात्र वाकडा येतो. समोर काहीच नसताना वास आला तर तो फँटोस्मिया. कॉफीचा वास असा वाकडा येण्याला गंधक असलेला एक विशिष्ट रेणू जबाबदार असल्याचंही सापडलं आहे. पुन्हा उगवणाऱ्या चेतातंतूंची जोडणी चुकते, दारावरची बेल दाबली आणि शेजाऱ्याकडे वाजली तशी, हे त्याचं एक स्पष्टीकरण. हा बिघाड बहुतेकांत काही महिन्यांत निवळत जातो.

काय टिपून ठेवायचं

असा वास येऊ लागला तर आधी गॅस सिलिंडर तपासा. हे मी गमतीने म्हणत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र रसायन मुद्दाम मिसळतात. घरातल्या दुसऱ्या कुणालाही वास येत असेल तर तो मेंदूचा प्रश्न नाही, खिडक्या उघडा. उलट, ज्याचा गंध गेला आहे त्याच्या घरात गॅसगळती सांगणारं यंत्र लावणं आणि उरलेल्या अन्नावर तारीख लिहिणं उपयोगाचं, कारण आंबलेली आमटी त्याला कळणार नाही.

वास फक्त एकालाच येतोय हे पक्कं झालं की वही घ्या. केव्हा आला, किती सेकंद किंवा मिनिटं टिकला, दर वेळी हुबेहूब तोच का, त्याआधी झोप कमी झाली होती का, सोबत पोटात काही चढलं का, भीती वाटली का, नजर हरवली का, नंतर थोडा वेळ शब्द सापडेनासे झाले का. नाकपुडी दाबल्यावर वास कमी होतो का हेही पाहा, कमी होत असेल तर दोष नाकाकडचा असू शकतो आणि आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ बरे. सेकंदांत येणारा, ठशासारखा तोच, आणि मागोमाग माणूस हरवणारा वास मात्र थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यायचा. शक्य झालं तर मोबाइलवर चित्रण करा. दवाखान्यात झटका मागणी केल्यावर येत नाही, आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, दोन झटक्यांच्या मधल्या काळात अगदी साधा निघू शकतो.

देवऋषीकडे जाणं हा आपल्याकडचा एक मधला थांबा. रिकाम्या घरात चाफ्याचा वास येतो, मग ‘कुणीतरी आलंय’. सुवासाला देव आणि दुर्गंधीला भूत जबाबदार धरायची आपली जुनी वाटणी आहे. श्रद्धेवर मी काही बोलत नाही. पण या थांब्यावर वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं मेंदूत झटके चालू राहतात.

मावशीच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसपाशी जुना व्रण दिसला. लहानपणी तापात तिला मोठी आकडी आली होती, हे आजीच्या बोलण्यातून सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही कधी जोडून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणात कारण गाठ असतं, कुणात जुनी जखम, आणि आपल्या देशात पुष्कळांत फीतकृमीच्या अळीची गाठ. अपस्माराचे साधारण दोन-तृतीयांश रुग्ण औषधांनी आटोक्यात येतात. जे येत नाहीत त्यांच्यातल्या काहींना टेम्पोरल लोबची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत ती १९९५पासून होते आहे, आणि आता मोठ्या शहरांत इतरत्रही.

मावशीचं काम गोळ्यांवर भागलं. हरवून जाण्याचे झटके गेले, नुसत्या वासाची छोटी फिट मात्र वर्षाकाठी एखाद-दोनदा अजून येते. वास आला की ती आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि मग कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाच्या खाड्याशेजारी, बारीक अक्षरात ‘क’ लिहिते आणि पुढे सेकंद. सहा महिन्यांनी पानं फाडून डॉक्टरांकडे नेते. एवढं सगळं समजून झाल्यावरही ती उठून गॅस मात्र बघून येतेच. मी एकदा विचारलं, आता कशाला जातेस? म्हणाली, “एखादे दिवशी खरंच करपलं असलं तर?”